सातव्या महिन्यात मागे वळू नये

सातव्या महिन्याचा तिसरा दिवस
बादोउझी बंदर

बाबा,

नमस्कार. तुम्ही आणि आई बरे असाल.

तुमचा निरोप आईने फोनवर सांगितला. तिला तो दोनदा सांगावा लागला, कारण पहिल्यांदा मी काहीच बोललो नाही. फोनवर माझा आवाज अडकतो हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून लिहितो. निरोप मला कळला तो असा : आठव्या महिन्याच्या पौर्णिमेच्या सणाच्या आत मी हा समुद्र सोडून डोंगरात पुलीला परत यायचे आणि शेवयांच्या कारखान्यात तुमच्या शेजारी उभे राहायचे. नाही आलो तर पूर्वजांपुढे माझ्या हातची उदबत्ती नको. समजण्यात चूक झाली असेल तर कळवावे. झाली नसेल तर माझे उत्तर, मी येणार नाही.

हे वाक्य आधी कच्च्या कागदावर लिहून पाहिले. पक्क्यावर उतरवतानाही ते बदलले नाही.

तुम्ही आईला म्हणालात, "दिवसभर भिंतीवर बसून लोकांची तोंडं बघतो, हा काय धंदा झाला?" धंदा नाहीच तो. धंदा मी पहाटेपासून दुपारपर्यंत करतो. माशाचे गोळे वळतो, आणि मालक माझ्यावर खूश आहे, कारण माझे गोळे एका मापाचे होतात. भिंत त्यानंतरची.

भिंतीवर काय करतो ते तुम्ही कधी विचारले नाही. तरी सांगतो. एक जाडे गृहस्थ रोज गळ टाकून बसतात. मासा लागला की आधी आजूबाजूला पाहतात. कोणी पाहिले असेल तर मासा डब्यात जातो. कोणी पाहिले नसेल तर ते तो हळूच सोडून देतात. नवरानवरी फोटो काढायला येतात. नवरीच्या पांढऱ्या झग्याखाली रबरी चपला असतात आणि नवरदेव तिची उंच टाचांची पादत्राणे छातीशी धरून खडकांवरून चालतो, बकरीचे पिल्लू आणल्यासारखा. माझ्या जवळच सुई-किम काकू खायच्या जेलीसाठी लागणारे जांभळे शेवाळ धुऊन वाळवत असते. ते पिवळे पडेपर्यंत ती धुते आणि वाळवते. मला "डोंगऱ्या" म्हणते.

"काय रे डोंगऱ्या, बघून बघून आज कोणाकोणाची लग्नं मोडलीस?"

"एकही नाही, काकू."

"मग बसतोस कशाला? दृष्ट तरी लावत जा."

तंत्रशाळेत दुसऱ्या वर्षी, यंत्रांच्या तासाला, माझा श्वास अडकला तेव्हा अख्खा वर्ग माझ्याकडे बघत होता. मग घरी तुम्ही बघत होतात, आई बघत होती, शेवया वाळत घालणाऱ्या बायका हातातले काम थांबवून बघत होत्या. देवळातल्या बाईने तांदळाची वाटी माझ्या सदऱ्यात बांधून उदबत्तीवर फिरवली आणि सांगितले की याचा जीव घाबरून कुठेतरी पडला आहे, बोलावून आणावा लागेल. तीही माझ्याकडेच बघत होती. इथे तसे नाही. इथे आलेला प्रत्येक माणूस समुद्राकडे बघतो, त्यामुळे मला माणसांकडे बघता येते. माझ्याकडे कोणी बघत नाही. देवळातल्या बाईचे खरे असेल तर माझा पडलेला जीव मला या भिंतीवर सापडला आहे. तो उचलून पुन्हा डोंगरात नेला तर टिकेल याची खात्री तुम्ही देऊ शकत नाही. मीही नाही.

तुमची भीती मला माहीत आहे. दादा इथेच गेला. लष्करातून सुट्टीवर आला होता, मित्रांबरोबर त्या पलीकडच्या खडकावर चढला, आणि तुम्हाला त्याला आणायला यावे लागले. समुद्रात गेलेला माणूस सुटायला आपल्या जागी दुसऱ्या जीवाची बदली मागतो आणि रक्ताचे माणूस त्याला लवकर सापडते, असे आजी म्हणायची. तुम्ही म्हणत नाही, पण मानता. मला विचाराल तर दादा बदली मागणार नाही. त्याने माझी पेन्सिलसुद्धा कधी न विचारता घेतली नाही.

प्रकृतीला जपावे.

युन-शेंग


सातव्या महिन्याचा नववा दिवस

बाबा,

आज सकाळी आईचा फोन आला. ती रडतही होती आणि ओरडतही होती, त्यामुळे कळायला वेळ लागला.

"बाप डोंगर उतरून तुझ्यासाठी आला आणि तू त्याला पाठ दाखवलीस! असला मुलगा!"

"कधी आले?"

"कधी म्हणे! परवा! तुझ्या खांद्यावर हात ठेवला त्यांनी. तू मान तरी वळवलीस? दगड हलतो, तू हलला नाहीस. घरी आल्यापासून माणूस जेवलं नाही धड."

तुम्ही आला होतात हे मला तेव्हा कळले. फोन ठेवून मी सुई-किम काकूकडे धावलो आणि विचारले, परवा माझ्यामागे कोणी होते का.

"होता की. एक म्हातारा, हातात पिशवी, पायात चकचकीत बूट. मला वाटलं विमेवाला."

"मग मला सांगायचं नाही का, काकू?"

"सातवा महिना आहे, बाळा. तुझ्यामागे उभा आहे तो माणूस की चांगला भाऊ, ते मी का विचारत बसू? मी आपलं शेवाळ उलटत होते. त्याने हात ठेवला, तू बसून राहिलास. मग तो बसच्या थांब्याकडे गेला. पिशवी परत घेऊन गेला हो, म्हणून तर मला वाटलं, काही विकायला आला असेल."

बाबा, आता मी नीट लिहितो आणि तुम्ही नीट ऐका. पुलीच्या नदीवरचा पूल ओलांडताना दादाला आणि मला दोन्ही हातांना धरून तुम्हीच शिकवले होते. सातव्या महिन्यात चांगले भाऊ, म्हणजे ज्यांना भूत म्हणायचे नसते ते बिनवारशी मेलेले, फिरायला निघालेले असतात. पाण्याकाठी मागून कोणी खांद्याला हात लावला तर वळायचे नाही. माणसाच्या दोन खांद्यांवर आणि डोक्यावर दिवा असतो, मान वळवली की त्या बाजूचा विझतो. तुम्ही आम्हाला हे पाठ म्हणायला लावले होते. मी चुकत नसे, दादा चुकायचा.

आणि तुम्ही मला हाक का मारली नाही, तेही मी सांगतो. या महिन्यात पाण्याकाठी पोराचे नाव मोठ्याने घेत नाहीत, कारण ऐकणारे फार असतात. तेही तुम्हीच शिकवलेले. तुम्ही नियम पाळून नाव घेतले नाही. मी नियम पाळून वळलो नाही. आपण दोघेही शहाण्यासारखे वागलो आणि दोघांचाही अपमान झाला. आता आई मला सांगते, माफीचे पत्र लिही. मी माफी मागणार नाही. मी वळलो असतो आणि मागे तुम्ही नसता, तर तुम्हीच मला मूर्ख म्हटले असते.

आता जे लिहितो ते लिहावे की नाही, असा विचार सकाळपासून करतो आहे. आई हे तुम्हाला वाचून दाखवते, तेव्हा तिनेही ऐकावे.

तो हात खांद्यावर पडला तेव्हा मला वाटले, दादा आहे.

मला दरदरून घाम फुटायला हवा होता. शाळेत यंत्राच्या आवाजाने फुटायचा, दुकानात गिऱ्हाईक वाढले की फुटतो. त्या वेळी फुटला नाही. मी समोर बघत राहिलो. एक बाई छत्री उलटी झाली म्हणून वाऱ्याला शिव्या देत होती. मी मनात म्हणालो, दादा, ही बघ कशी भांडते. हात होता तोवर मी त्याला माणसे दाखवत होतो. मग हात निघून गेला आणि मी तसाच संध्याकाळपर्यंत बसलो. इतका शांत मी कधीच नव्हतो.

तो हात तुमचा होता हे कळल्यावर मला वाईट वाटले का, असे तुम्ही विचाराल. नाही. तुमचाच होता तर आणखी बरे. पण त्यामुळे मी भिंत सोडेन असे समजू नका. उलट आता अजिबात सोडणार नाही.

युन-शेंग


सातव्या महिन्याचा सोळावा दिवस

बाबा,

आई म्हणाली, मागचे पत्र तिने कारखान्यात उभे राहून वाचले. तुम्ही मशीन बंद केले नाही, पण पीठ घालायचे थांबलात, आणि ते रिकामेच फिरत राहिले. वाचून झाल्यावर तुम्ही एवढेच विचारलेत, "त्याला खरंच थोरला वाटला?" आणि पुन्हा पीठ घालू लागलात. त्याला उत्तर, हो, खरेच.

काल इथे सगळ्यांनी दारापुढे टेबले मांडून चांगल्या भावांना जेवू घातले. मालकाने गोळ्यांची मोठी परात ठेवली. हातपाय धुवायला पाण्याचे घंगाळ, नवा पंचा, कंगवा, आरसा, सगळे ठेवले. प्रत्येक पदार्थात एक एक उदबत्ती खोचण्याचे काम माझ्याकडे होते, आणि एकही वाकडी नव्हती. कडेला मी पपई घातलेल्या दुधाचा एक डबा ठेवला. मालकाने तो पाहिला.

"हा कोणाचा?"

"माझ्या भावाचा. लष्करात होता."

"वेडा आहेस का? घरच्या माणसाचं पान घरात वाढतात. त्याला रस्त्यावर बिनवारशांच्या पंगतीला बसवतोस?"

"घरात त्याचं पान आहे. बाबा वाढतात. पण तो गेला इथे. मध्येच भूक लागली तर पुलीपर्यंत जाणार का?"

मालकाने डबा हातात घेऊन परत ठेवला. मग म्हणाला, "एका डब्याने काय होतंय त्याचं, लष्करातला पोरगा," आणि आतून आणखी दोन आणले. पद्धतीला धरून नाही हे मला ठाऊक आहे. तुम्हाला राग येईल. आला तरी चालेल.

आता मुख्य गोष्ट. भिंतीच्या टोकाला पायऱ्या आहेत. तिथे सकाळी म्हातारी माणसे पोहायला उतरतात. सातव्या महिन्यात बाकीचे येत नाहीत, फक्त को आजोबा येतात. ऐंशीच्या पुढचे आहेत. सुई-किम काकू त्यांच्यावर रोज ओरडते.

"या महिन्यात तरी घरी बसा हो! नेतील एखाद्या दिवशी!"

"मला? बदलीला माझ्यासारखा म्हातारा नेला तर त्यांनाच वर कोणी घेणार नाही. तरणा आण म्हणतील."

असे म्हणून ते माझ्याकडे बघतात. अशा थट्टेने पूर्वी मी उठून गेलो असतो. परवा ते पाण्यातून निथळत वर आले आणि माझ्याशेजारी बसले.

"पोहता येतं?"

"नाही."

"रोज समुद्राकाठी बसतोस आणि पोहता येत नाही? म्हणजे तू खाणावळीपुढे बसून नुसते वास घेणारा."

"माझा भाऊ इथे बुडाला."

थट्टा केल्याचे त्यांना वाईट वाटेल असे मला वाटले. त्यांनी डोके पुसले आणि विचारले, "त्याला येत होतं?"

"नाही. आम्ही डोंगरातले."

"मग तुला यायला हवं," ते म्हणाले. "आठवा महिना लागला की उतर. मी धरीन. आता नको, काकू मला शेवाळात गुंडाळून वाळत घालेल."

मी हो म्हणालो आहे. सातव्या महिन्यात मी उतरणार नाही. मी हट्टी असेन, पण अडाणी नाही. आठव्यात उतरणार. हे तुम्हाला विचारत नाही, कळवतो आहे. न कळवता करता आले असते, पण लपूनछपून पोहणे मला जमणार नाही. आधीच एवढ्या गोष्टींची धास्ती वाटते, त्यात आणखी एकीची भर नको.

युन-शेंग


आठव्या महिन्याचा पाचवा दिवस

बाबा,

तुम्ही सुखरूप पोहोचल्याचे आईने सांगितले. तुम्ही तिला दुसरे काही सांगितले नाही, हेही सांगितले. म्हणून परवाची हकीकत मी लिहितो. तुम्हाला ती माहीत आहे. हे आईसाठी.

आई, मी भिंतीवर बसलो होतो. खालच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवरून कोणीतरी येत होते. तिथून माणसे येत नाहीत, खेकडे येतात. काकूने ओरडायला सुरुवात केली : "ओ विमेवाले! तिकडून नाही! निसरडं आहे! अहो, बूट काढा आधी!" बूट न काढता, एका हातात पिशवी सांभाळत, दोनदा गुडघ्यांवर पडत बाबा माझ्या समोर येऊन उभे राहिले. मागून यायचे नव्हते ना त्यांना.

"दिसलो का आता?"

"दिसलात."

"सातवा महिना संपला."

"संपला, बाबा. मागून आला असतात तरी चाललं असतं."

"कोणाला भरवसा," म्हणाले, आणि वर चढायला हात पुढे केला. मी ओढून घेतले. त्यांचा हात तोच होता, जड.

बसले ते समुद्राकडे पाठ करून. रस्त्याकडे तोंड. मी समुद्राकडे, ते रस्त्याकडे, असे आम्ही बराच वेळ बसलो होतो. आई, तुला वाटत असेल ते रागावले असतील, पण रागवायला त्यांना सवडच नव्हती. "तो बघ," म्हणाले, "बायकोला पुढे घालतो आणि रस्ता चुकला की तिलाच बोलतो. तुझा मामा असाच." मग, "त्या पोरीने दोन कुल्फ्या घेतल्या. दुसरी कोणाची? कोणीच येत नाहीये. आता दुसरी वितळणार. ये रे बाबा लवकर, जो कोणी असशील तो." मग ती पोरगी दोन्ही कुल्फ्या आळीपाळीने चाटायला लागली आणि बाबा हसले. घरात त्यांना असे हसताना मी दादा असताना ऐकले होते.

मी सांगितले, "इकडे एक गृहस्थ आहेत, कोणी बघितलं नाही तर मासा सोडतात."

"असा कुठे माणूस असतो?"

"आहे. आत्ता लागलाय त्यांना."

बाबा गर्रकन वळले. जाड्या गृहस्थांनी इकडेतिकडे पाहिले, त्यांना कोणी दिसले नाही, त्यांनी मासा सोडला. "ओ साहेब!" बाबा ओरडले. "मी बघितला! चांगला वीतभर होता!" त्या गृहस्थांचे कान लाल झाले. ते म्हणाले, "लहान होता हो." बाबा म्हणाले, "लहान कसला! रात्रीचं जेवण होतं ते!" मग त्यांनी बाबांना कोणता मासा कशाला लागतो ते सांगितले आणि बाबांनी त्यांना शेवया कशा ओळखायच्या ते. एवढे होईतो बाबा समुद्राकडे तोंड करून बसले होते. त्यांच्या लक्षात आले तेव्हा ते त्या पलीकडच्या खडकाकडे बघत राहिले. पण मान फिरवली नाही.

आई, हकीकत इथे संपली असती तर बरे झाले असते.

बसच्या थांब्यावर बाबांनी पिशवी माझ्या हातात दिली. "मालकाला दे. जाड्या शेवया आहेत, उकळत्या रश्श्यात टाकायला सांग, आधी भिजवायच्या नाहीत." मग म्हणाले, "बस हवं तर भिंतीवर. पाण्यात उतरायचं नाही."

"उतरणार आहे, बाबा."

"एक दिलाय मी या समुद्राला."

"म्हणूनच शिकतोय."

"तोंड वर करून बोलतोस! उतरलास तर पौर्णिमेला घरी येऊ नकोस. आईलाही तोंड दाखवू नकोस." बस आली. ते चढले आणि खिडकीशी न बसता पलीकडच्या बाजूला बसले.

बाबा, यात काही चुकीचे लिहिले असेल तर आईला सांगावे.

युन-शेंग


आठव्या महिन्याचा नववा दिवस

बाबा,

आज सकाळी मी उतरलो.

सगळी म्हातारी माणसे परत आली आहेत. रंगीत टोप्या घालून बायका पायऱ्यांवर बसतात आणि सुनांची उणीदुणी काढतात. मी चड्डीवर उभा राहिलो तेव्हा त्यांच्यातली एक म्हणाली, "हाडं बघा याची, बुडायलासुद्धा वजन लागतं." मग त्या पुन्हा सुनांकडे वळल्या. कोणी माझ्याकडे बघत नव्हते.

पाणी घोट्याला लागले तेव्हा ठीक होते. कमरेला लागले तेव्हा श्वास अडकला. यंत्रांच्या तासाला अडकला तसाच, तंतोतंत. हाताला मुंग्या आल्या. मी को आजोबांना म्हणालो, "मला श्वास येत नाही."

"नसू दे. थोडा वेळ थांबू. येईल त्याचा तो."

घाबरू नकोस असे ते म्हणाले नाहीत, हे विशेष. तुम्ही सगळे तेच म्हणायचात. आम्ही छातीएवढ्या पाण्यात उभे राहिलो आणि ते मला सांगत बसले की पायरीवरची निळ्या टोपीवाली त्यांना चाळीस वर्षांपूर्वी नको म्हणाली होती आणि आता रोज त्यांचा टॉवेल धरते. मी तिच्याकडे बघत राहिलो. त्यात श्वास कधी आला ते मला सांगता येणार नाही. मग त्यांनी माझ्या पाठीखाली हात धरला आणि म्हणाले, "नीज." मी निजलो. कानांत पाणी गेले. आकाश होते. दादा त्या खडकापाशी असेल तर तो त्या वेळी माझ्यापासून फार लांब नव्हता, आणि त्याने मला ओढले नाही, बाबा. कोणीही ओढले नाही. फक्त लाटेने एकदा वर उचलले आणि परत खाली ठेवले.

मग मी चालत बाहेर आलो. तुम्हाला हे नीट कळावे म्हणून पुन्हा लिहितो. मी आत गेलो आणि माझ्या पायांनी बाहेर आलो. उद्याही जाणार आहे आणि उद्याही येणार आहे.

तुमची अट माझ्या लक्षात आहे. तरीही मी पौर्णिमेला घरी येतो आहे. सुट्टी मागून झाली, तिकीट काढून झाले. मी कारखान्यात उभा राहणार नाही आणि सणानंतर परत इथे येणार आहे, पण सणाला मी घरी असणार, कारण मी त्या घरचा मुलगा आहे आणि आता एकुलता आहे. हे माझ्या पोहण्याने बदलत नाही, तुमच्या म्हणण्यानेही बदलत नाही.

दार उघडायचे की नाही ते तुम्ही ठरवा. उघडले नाहीत तर मी भांडणार नाही, हाकाही मारणार नाही. दारापुढच्या पायरीवर बसेन आणि रस्त्यावरून जाणारी माणसे बघेन. मला त्याची सवय आहे, आणि पुलीतही माणसे पुष्कळ आहेत. कंटाळाल तर तुम्हीच कंटाळाल, मी नाही. पायरीवर शेजारी एकाची जागा राहील. बसायचे असेल तर बसा, तोंड कुठेही करून.

युन-शेंग